कापडातले प्रवासी

तुमच्या आईच्या गाडीत मागच्या सीटखाली एक छोटा स्टीलचा तांब्या आहे. वळण आलं की तो इकडून तिकडे घरंगळतो आणि तो कोणी उचलायचा यावरून तुम्ही दोघं भांडता. मागच्या रविवारी फोनवर तुम्ही विचारलंत, हा कोणाचा? ‘आक्कांचा’ एवढंच मी सांगितलं, कारण इकडे दूध उतू जात होतं. पण एवढ्या उत्तरानं आक्कांबद्दल काहीच सांगून होत नाही, म्हणून हे लिहायला बसले आहे. त्या तुमच्या घरी पंधरा दिवस राहून गेल्या, तेव्हा तुम्ही फार लहान होतात.

बेळगावच्या मुलींच्या शाळेत आक्का भूगोल शिकवायच्या आणि मी इंग्रजी. माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठ्या. सगळी शाळा त्यांना आक्काच म्हणे, मुख्याध्यापकसुद्धा. घर निपाणीजवळच्या एका खेड्यात, जैन शेतकऱ्याचं. लग्न केलं नाही. शहापुरात एका विणकराच्या माडीवर भाड्यानं राहायच्या. खाली मागाचा खटखटाट सुरू झाला की उठायच्या. गजराचं घड्याळ त्यांनी कधी घेतलं नाही. मागवाला आजारी पडला तर आक्कांना शाळेला उशीर व्हायचा, आणि तसं त्या रजिस्टरमध्ये कारणासहित लिहायच्या.

वर्गात त्यांची भाषा अगदी छापील असे. “विद्यार्थिनींनो, नदी ही घाईत नसते.” घंटा झाली की त्याच तोंडातून निपाणी बाहेर पडायची. “चल गं, चहा घेऊ. लई बोललो आज.” चिडल्या की कानडीत पुटपुटायच्या आणि राग गिळायचा झाला की म्हणायच्या, “इरली बिडु.” म्हणजे, असू दे, सोड. दिवसातून दहादा तरी हे ऐकू यायचं. शाळा फक्त पांढरे खडू घ्यायची, म्हणून निळा खडू त्या स्वतःच्या पर्समध्ये ठेवायच्या. पाणी पांढऱ्या खडूनं काढलेलं त्यांना खपत नसे.

त्यांच्या सगळ्या धड्यांत एक धडा निराळा होता. चुनखडीच्या प्रदेशाचा. आपल्याकडे काळा पत्थर आणि जांभा. त्यावरून पाणी वाहतं, उड्या मारतं, पण तो विरघळवून गुहा करत नाही. त्यामुळे पाणी दगड खातं हे आपल्या मुलींना पटणं अवघड. आक्कांनी यावर तोड काढली होती. त्या दिवशी त्या निपाणीहून गुळाची अख्खी ढेप आणायच्या, ती परातीत ठेवायच्या आणि वरून किटलीनं थेंब थेंब पाणी सोडायच्या. तासभर. हळूहळू ढेपेला खोबण पडे, खोबणीची घळ होई, कधी पाणी वरून आत शिरून खालून तपकिरी होऊन बाहेर येई. मुली श्वास रोखून बघत. मग आक्का म्हणायच्या, “ही झाली दरी. आता खाऊन टाका.” कारण ढेप तशीच राहिली तर मुंग्या येणार, आणि मुंग्या पाण्यात मेलेल्या त्यांना चालणार नव्हत्या. चिकट हातांच्या चाळीस मुली पुढच्या तासाला माझ्याकडे इंग्रजी लिहायला यायच्या. मी एका वर्षी तक्रारही केली. आक्का म्हणाल्या, “हात धुवायला लाव की. पाणी तर तेवढ्यासाठीच हाय.”

गुळानंतर फळा. एका जुन्या इंग्रजी भूगोलाच्या पुस्तकाचं एक पान त्यांच्याकडे होतं, प्लास्टिकमध्ये घातलेलं. त्यावर यॉर्कशायरमधल्या एका दरीचा काळापांढरा फोटो होता. दोन्ही बाजूंना उभे कडे, मध्ये झाडी, झाडीतून एक ओढा. ती दरी त्या फळ्यावर काढायच्या. वर माळ, माळावर ओढा, ओढा दगडांत शिरून गडप. मग निळ्या खडूनं ठिपक्यांची रेघ जमिनीखालून खाली खाली, आणि कड्याच्या पायथ्याशी एक ठळक बाण. “इथे तेच पाणी पुन्हा प्रकट होते.” चौतीस वर्षं त्यांनी तो बाण काढला. मी शेजारच्या वर्गातून तो इतक्यांदा ऐकला की मलाही पाठ झाला. मुलींनी टाळ्या वाजवल्या की त्या फळा पुसताना हळूच म्हणत, “फळ्यावरचं पाणी वाहत न्हाय पोरींनो. एकदा जाऊन बघायला पायजे.”

आता त्या तांब्याविषयी. आक्का गाळल्याशिवाय पाणी पीत नसत. पुष्कळ जैन घरांत हे आहे. पण त्यांचं पुढचंही चुकत नसे. जाड कापडाची दुहेरी घडी तांब्यावर धरून पाणी गाळायचं, आणि मग ते कापड उलटं करून, त्यावर गाळलेलं पाणी हळूच ओतून, कापडात अडकलेले डोळ्यांना न दिसणारे जीव परत सोडायचे. तेही कुठंही नाही. ज्या विहिरीचं पाणी, त्याच विहिरीत. ज्या ओढ्याचं, त्याच ओढ्यात. आणि कापड वाळायच्या आत. दुसऱ्या पाण्यात ते जगतीलच असं नाही, असं त्यांचं म्हणणं. एकदा गोकाकच्या सहलीला गेलो असताना त्यांनी या कारणासाठी बस पंधरा मिनिटं थांबवली होती. ड्रायव्हर म्हणाला, “आक्का, दिसत न्हाय ते मेलं काय आन् जगलं काय?” त्या म्हणाल्या, “तुझ्या इंजिनातला आवाज तरी कुठं दिसतोय? तरी तू उतरून बघतोसच न्हवं?” त्यानं इंजिन बंद केलं.

निवृत्त झाल्यावर त्या निपाणीला पुतण्याच्या घरी राहायला गेल्या. मी तुमच्या आईकडे इंग्लंडला यायचं ठरवलं तेव्हा सहज विचारलं, “येता का?” त्यांनी आठ दिवसांत पासपोर्टचा अर्ज केला. अट एकच. चातुर्मास लागायच्या आत घरी परतायचं, कारण त्या चार महिन्यांत गाव सोडायचं नाही हा त्यांचा नेम. डोळ्यांच्या डॉक्टरांनीही सांगून ठेवलं होतं की नजर हळूहळू जाणार, त्यावर औषध नाही. ते त्यांनी मला विमानात सांगितलं, तेही कोरडेपणानं. “म्हणून आत्ता. ती दरी तेवढी बघायची. बाकी तुझं लंडन तू बघ.”

तुमच्या आईला कामावरून सुट्टी मिळेना. पंधरा दिवसांतले तेरा असेच गेले. शेवटी चौदाव्या दिवशी तिनं आम्हाला सकाळी वर माळावर सोडलं आणि सांगितलं, खाली उतरत दरीतून गावात या, मी पाच वाजता तिथे गाडी घेऊन थांबते. दुसऱ्या दिवशी सकाळी आमचं विमान होतं.

माळावर वारा होता आणि मेंढ्या होत्या. ओढा सापडायला वेळ लागला नाही. अगदी साधा, आपल्या उचगावच्या शेतातल्या ओहोळाएवढा. शंभर पावलं तो गवतातून चालला आणि मग दगडांच्या एका पसाऱ्यात शिरला आणि संपला. पुढे कोरडी जमीन. आक्का त्या दगडांपाशी उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, “अर्धा धडा झाला.”

मग त्यांना त्या पाण्याची चव बघायची होती. तुमच्या आईनं उघड्यावरचं पाणी प्यायचं नाही म्हणून बजावलं होतं. “चौतीस वर्षं चुनखडीचं पाणी जड असतं म्हणून शिकवलं. जीभ तरी लावू दे.” त्यांनी तांब्यात पाणी गाळलं, जिभेला लावलं. “जड कसलं? गोडं हाय.” उरलेलं त्यांनी बाटलीत भरलं. तेवढ्यात दगडांच्या पलीकडे त्यांना एक पांढरी खाच दिसली आणि कापड तांब्यावर तसंच ठेवून त्या ती बघायला गेल्या.

इथं चूक झाली आणि ती माझी. मला पसारा बघवत नाही. मी ते ओलं कापड उचललं, नीट चौघडी घातली, प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलं, पिशवीची गाठ मारली आणि तांब्यासकट माझ्या पाठीवरच्या पिशवीत तळाशी सरकवलं. आक्का परत आल्या तेव्हा सगळं आवरलेलं होतं. त्यांना वाटलं, आपण ते नेहमीसारखं केलंच असणार. एवढ्या वर्षांची सवय. सवयीला कोण तपासतं?

खाली उतरायला दोन तास लागले. कोरड्या घळीतून वाट, मग झाडी. ॲश, हेझल अशी नावं मी त्यांना पाट्यांवरून वाचून दाखवत होते. खाली लसणीसारखा वास येणारी पांढरी फुलं होती, तो वास आल्यावर आक्कांनी नाकाला पदर लावला आणि आम्ही दोघी हसलो. झाडीच्या शेवटी पाण्याचा आवाज ऐकू यायला लागला. खालून चढून येणाऱ्या एका बाईनं सांगितलं, दहा मिनिटांवर कडा आहे. आक्का म्हणाल्या, “आधी जेवू. भुकेल्या पोटी बघितलं तर ध्यानात राहात न्हाय.” मी चपात्यांचा डबा काढायला पिशवीत हात घातला आणि प्लास्टिकची पिशवी वर आली.

आक्कांनी ती बघितली. “हे काय?”

“तुमचं कापड. मी आवरून ठेवलं.”

“उलटं करून ओतलंस?”

मी नाही म्हणून मान हलवली. त्यांनी गाठ सोडली, कापडाला बोट लावलं. “ओलं हाय अजून. तुझ्या पिशवीनंच वाचवलं.” आणि उठल्या. चढाच्या दिशेनं.

मी म्हटलं, “आक्का, थांबा. दहा मिनिटांवर तर आहे. वर जिरलेलं पाणी इथंच निघतं ना? तिथं सोडा. पाणी तेच.”

“तेच कशावरनं?”

“तुम्हीच शिकवलंत.”

“शिकवलं, व्हय. बघितलं कुठं?”

“चौतीस वर्षं शिकवलंत, आक्का.”

“चौतीस वर्षं त्यात कुणाचा जीव न्हवता गं. आज हाय.”

मी म्हटलं, मी जाते वर, चूक माझी आहे, तुम्ही पुढं जाऊन बघा. उद्या विमान आहे. पुन्हा येणं व्हायचं नाही. डोळ्यांचं काही बोलले नाही, पण ते दोघींच्याही मनात होतं. आक्का एक क्षण थांबल्या. पाण्याचा आवाज येतच होता. मग म्हणाल्या, “माझ्या हातनं आलेत ते. माझ्या हातनं जाऊ देत. तू पुढं जा, बघ, मला सांग.”

मी पुढं गेले नाही. त्यांच्या मागून चढायला लागले.

चढ त्यांच्या गुडघ्याला मानवणारा नव्हता. दर वीस पावलांवर थांबायच्या, पिशवी उघडून कापडाला बोट लावायच्या आणि पुन्हा निघायच्या. वाटेत कुत्रा घेतलेले एक वयस्क गृहस्थ भेटले. आम्हाला त्यांनी मघाशी उतरताना पाहिलं होतं. काही हरवलं का, असं त्यांनी विचारलं. आक्का आपल्या छापील इंग्रजीत म्हणाल्या, “नाही महाशय. काही प्रवासी चुकून आमच्याबरोबर आले. त्यांना घरी पोहोचवायला चाललो आहोत.” गृहस्थांनी आमच्या मागं वाकून पाहिलं. मागं कोणीच नव्हतं. त्यांनी टोपी उचलली आणि कुत्र्याला जवळ ओढून घेतलं.

ओढ्यापाशी पोचेपर्यंत साडेचार झाले होते. आक्का गुडघे टेकून पाण्याच्या अगदी जवळ वाकल्या, उंचावरून पाणी पडू नये म्हणून. कापड उलटं धरलं. बाटलीतलं गाळलेलं पाणी त्यावरून हळू सोडलं. माझ्या डोळ्यांना ओल्या कापडाशिवाय काही दिसलं नाही. त्या म्हणाल्या, “जावा. घर आलं.” मग तिथंच बसून आम्ही गार चपात्या खाल्ल्या.

तुमच्या आईला फोन लागायला आणखी तास गेला. ती खाली गावात पाच वाजल्यापासून थांबून, घाबरून, कड्यापर्यंतही जाऊन आली होती. वर आली तेव्हा तिचा चेहरा पांढरा पडला होता. “आई, तुम्ही दोघी एका फडक्यासाठी वर चढलात?” आक्का म्हणाल्या, “फडक्यासाठी न्हाय, बाळ.” उजेड अजून भरपूर होता. तिकडे जूनमध्ये सूर्य मावळायचं नाव घेत नाही. तुमच्या आईनंच राग गिळून विचारलं, खाली जाऊ का, गावातून कड्यापर्यंत अर्धा तास चाल आहे. आक्कांनी गुडघा दाखवला. तो नारळाएवढा सुजला होता. “इरली बिडु,” त्या म्हणाल्या. घरी जाताना तांब्या पिशवीतून निसटून सीटखाली गेला आणि घरंगळत राहिला. तो तिथंच राहिल्याचं मी नंतर कळवलं तेव्हा आक्का म्हणाल्या, “राहू दे तिथं.”

त्यानंतर मी दर दिवाळीला निपाणीला त्यांना भेटून येते. त्या दिवसाचा विषय त्यांनी कधी काढला नाही. मी मात्र कपड्यांच्या घड्या घालताना त्यावर येतेच. दहा मिनिटांवर होतं सगळं.

आता तुझ्याविषयी, मोठी. गेल्या महिन्यात शाळेच्या सहलीहून तू मला कड्याजवळच्या पाटीचा फोटो पाठवलास आणि विचारलंस, आई म्हणते तुझी मैत्रीण जिथं पोचली नाही ती हीच जागा का? हीच. तो फोटो मी मोठा करून वाचला. मग दुसऱ्यांदा वाचला. मग सकाळची बस धरून निपाणीला गेले.

आक्कांची नजर आता मधोमध गेली आहे. समोरचं दिसत नाही, कडेचं थोडं दिसतं, म्हणून बोलणाऱ्याकडे त्या मान वळवून, तिरक्या बघतात, एखाद्या चिमणीसारख्या. मी पाटी वाचून दाखवली. जाणकारांनी माळावर जिरणाऱ्या त्या ओढ्यात रंग सोडून पाहिला होता. रंग कड्याच्या पायथ्याशी आलाच नाही. तो गावाच्याही खाली, एका कुरणातल्या झऱ्यांत निघाला. कड्याखालून येतं ते पाणी दुसऱ्याच कुठल्या माळावरचं. जमिनीखाली दोन्ही वाटा एकमेकींना ओलांडून जातात.

मी म्हटलं, “आक्का, तुम्ही बरोबर होतात. त्या दिवशी माझं ऐकलं असतंत तर ते जीव परक्या पाण्यात सोडले असते.” मला वाटलं, त्यांना बरं वाटेल. खरं सांगायचं तर मलाच हलकं वाटलं होतं.

आक्का हसल्या नाहीत. “मी बाण कुठं काढायचे गं?”

“कड्याच्या पायथ्याशी.”

“चौतीस वर्षं.”

“पुस्तकात तसं होतं, आक्का. इरली बिडु.”

“न्हाय. हे इरली न्हाय.” त्यांनी मला कपाटातली धड्यांची टाचणवही काढायला लावली. त्यात ते प्लास्टिकमधलं पान अजून होतं. म्हणाल्या, वाच, काय लिहिलंय ते. मी वाचलं. पुस्तकात एवढंच होतं की पाणी खालच्या अंगाला पुन्हा प्रकट होतं. कुठं, ते नव्हतं. फोटोतही बाण नव्हता.

“बाण माझा,” आक्का म्हणाल्या. “पोरींना अर्धवट सांगायला बरं वाटंना. गडप झालं म्हटलं की तोंडं उतरायची त्यांची. म्हणून मी त्याला बाहेर काढलं.” थोड्या वेळानं म्हणाल्या, “शेवटची तुकडी आता लेकुरवाळी झाली आसंल. त्यांच्या पोरींना कोण सांगणार?”

मग त्यांनी वहीत त्या धड्याच्या पानावर स्वतः काढलेला बाण खोडायला सांगितलं. मी पर्समधून पट्टी काढली. पट्टीचा आवाज त्यांना कळला. “पट्टी नको. पाणी पट्टीनं जात न्हाय.” मी हातानं खोडला. रेघ वाकडी आली, ती तशीच ठेवली.

“आता नवा काढू? गावाखालच्या झऱ्यांपाशी?”

त्यांनी मान तिरकी केली. “तुझ्या नातीनं ते झरे बघितलेत?”

“नाही. पाटी बघितली.”

“मग पाटीही फळ्यासारखीच. थांब. तिला बघून येऊ दे.”

येताना वही त्यांनी माझ्याच हातात दिली. पाटीवर त्या कुरणाचं नाव आहे आणि तुमच्या आईला रस्ता माहीत आहे. सुट्टीत जा, दोघं जा. वही आता माझ्या टेबलावर आहे. त्या पानात मी पेन्सिल ठेवली आहे.